चित्रापाशी उभी राहणारी

“ती मी नाही हं,” असं आधी सांगून मगच ती फोटोला उभी राहायची.

अबुधाबीच्या एका म्युझियममध्ये ती वरच्या दालनात पहाऱ्याला होती, मी खाली लोकांचं सामान ठेवून घ्यायच्या काउंटरवर. तिच्या दालनात एक जुनं इम्प्रेशनिस्ट चित्र होतं. कॅरिबियन बेटावरची तरुणी, डोक्याला पिवळा रुमाल. जवळून पाहाल तर नुसते रंगाचे फटकारे. मागे सरकलात की चेहरा. ही पोरगीही त्याच समुद्रातल्या एका बेटावरची. लोकांना दोघी सारख्या वाटायच्या, मला कधी वाटल्या नाहीत. चित्रातली गप्प होती. ही जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातलं कोलंबीचं सुकं खात अखंड बोलायची, गावी आईकडे ठेवलेल्या आपल्या मुलीबद्दल. “पुढच्या वर्षी आणते, इन्शाल्ला,” हे ठरलेलं.

मग तिच्या बेटावर वादळ आलं. फोन बंद, विमानतळ बंद. तरी ती ड्यूटीवर यायची. “खोली खायला उठते, आँटी,” म्हणायची.

पहाऱ्यावरच्यांना दालनात मोबाइल नेता येत नसे, म्हणून तिचा फोन मी काउंटरवर ठेवायचे. ती जिन्यावरून वाकून बघायची, मी नकाराची मान हलवायचे. त्यातच एका कुटुंबाला तिच्यासोबत फोटो हवा होता. “जरा हसा ना,” ते म्हणाले. तिने खरंच प्रयत्न केला.

फोन वाजला तेव्हा ती वर होती. मी उचलला. तिच्या घराशेजारची बाई बोलत होती, आवाज तुटत होता. ऐकून मी वर गेले.

“मुलगी शेजारणीकडे आहे. सुखरूप आहे.”

“आणि आई?”

“छप्पर पडलं गं,” मी एवढंच म्हणाले.

ती तिथेच खाली बसली. लोक तिला वळसा घालून चित्र बघत राहिले.

विमानं सुरू झाल्यावर तिला सोडायला मी एअरपोर्टवर गेले. बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, “लेकीची वेणी आईच घालायची. मला येत नाही. मी निघाले तेव्हा तिला केसच कुठे होते?”

मी अंबाडा सोडला आणि तिच्याकडे पाठ केली. “घाल. होईल सवय.”

घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. “तिचे केस असे नाहीत,” म्हणून रडायची, पण थांबायची नाही. विमानाची घोषणा झाली तेव्हा वेणी अर्धीच झाली होती. तिने तशीच गाठ मारली आणि मागे न बघता रांगेत शिरली.

पुढे तिचा नंबर कधी लागला नाही. वेणी तर परतीच्या बसमध्येच सुटली होती.