विहिरीवरच्या लेखाचा चौथा खर्डा

भुईगावात शनिवारी सकाळी बातमी फुटली, की आग्नेसने सख्ख्या भावाचा, सॅन्टनचा, अंगठा कोयत्याने उडवला. राजोडीला पोचेपर्यंत अंगठ्याचा अख्खा पंजा झाला. नालासोपाऱ्याच्या बाजारात केळी घेऊन गेलेल्या बायकांना तर दुपारी तिथेच कळलं, की सॅन्टन गेला, मातीची वेळ तेवढी ठरायची आहे.

तर अंगठा जागेवर आहे. कोयता नव्हताच, आग्नेसचे दात होते. टाके पडले हे मात्र खरं. आणि भांडण कशावरून? वीतभर कुंपणासाठी डोकी फुटलेली आपण पाहिली आहेत, पण हे भांडण निबंधांच्या फाईलवरून झालं!

आग्नेस पन्नाशी ओलांडलेली, नवरा वारलेला, अंगाने काडी. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलेला, त्यामुळे चालताना ती सदानकदा एका बाजूला बादली धरल्यासारखी दिसते. आठ वर्षांपूर्वी, आई गेली त्याच साली, आग्नेसच्या वाट्याच्या केळी तोडायला सॅन्टन कोयता घेऊन विहिरीवर आला होता. त्या दिवसापासून खांदा तसा. सॅन्टनने गावभर सांगितलं, "बाय शेवाळावरून घसरली." पोलिसांनी तेच लिहून घेतलं आणि गावाने माना डोलावल्या. कोणी कोणी डोलावल्या ते विचारू नका, उभी आळीच होती. त्याच आठवड्यात सॅन्टनचे पुढचे दोन दात गेले. तो म्हणाला, स्कूटरवरून पडलो. त्यालाही माना डोलल्या. गावाचं मन मोठं!

आग्नेस खरं सांगून सांगून थकली आणि गप्प बसली. मग वाचनालयात लेखनाचा वर्ग निघाला आणि ही बाई पहिल्या बाकावर जाऊन बसली. गल्लीत हसून हसून लोकांच्या पोटात दुखलं. कोणी विचारलं, "आग्नेसबाय, आता कादंबरी का?" ती म्हणाली, "तुझीच लिहिते, जरा चांगला वाग."

शिकवायला विरारची संजना, लेकीच्या वयाची. वर्ग संपताना प्रत्येकाने पाच सुधारलेले लेख फाईलला लावून द्यायचे, प्रत्येकामागे त्याचे जुने खर्डे जोडायचे, आणि एक लेख सभागृहात सगळ्यांसमोर वाचायचा. आग्नेसचे चार लेख सुरळीत झाले. पाचवा अडला, तो विहिरीवरचा.

पहिल्या खर्ड्यात सॅन्टन सैतान आणि आग्नेस कोकरू. संजनाने समासात लिहिलं, "मावशी, यात तुम्ही नुसत्या मार खाता. तुमचे हात काय करत होते?" दुसऱ्या खर्ड्यात हात पदरात गेले. तिसऱ्यात त्यांनी देवाची करुणा भाकली. संजनाने दोन्हींवर तोच प्रश्न लिहिला. आग्नेस चिडली, "त्या पोरीला काय कळतंय?" म्हणाली, दोन दिवस केळीच्या बुंध्यांवर राग काढला, आणि मग चौथा खर्डा लिहिला.

त्यात असं होतं. सॅन्टनने कोयता उलटा धरून मूठ तिच्या खांद्यात घातली. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ मागून आली. ती कठड्यावर आपटली, त्याने केस धरून पुन्हा उठवलं. तिच्या उजव्या हाताला पाण्याने भरलेली तांब्याची कळशी लागली. तिने ती दोराने गरकन फिरवली आणि भावाच्या तोंडावर आदळली. रक्त आणि पाणी एकदमच सांडलं. तो खाली बसला. तिने आणखी एकदा मारली. "दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती," असं तिने लिहिलं होतं. "मला मारायचं होतं."

हे सॅन्टनच्या कानावर गेलं. कोणी घातलं? आळीत कुलूप नसलेली तोंडं पुष्कळ, नाव कशाला घ्या. शुक्रवारी दुपारी त्याने लाथेने आग्नेसचं दार उघडलं आणि फाईल उचलून उभ्या उभ्या वाचू लागला. गंमत बघा, पहिला खर्डा वाचून हा खूश!

"बरा लिहिलायस, बाय. हाच लाव. यात मी गुंड आहे, चालंल."

मग चौथा वाचला. हात आपोआप तोंडावर गेला.

"हा फाडायचा."

"नाही."

"बाईच्या हातचा मार खाल्ला म्हनून गावात वाचनार तू?"

"खाल्लास ना?"

त्याने तिच्या थोबाडीत दिली. ती टेबलावर पडली, भुवई फाटली, रक्त फाईलच्या पुठ्ठ्यावर सांडलं. त्याने तिचा मोडका खांदा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने कागद ओढले. तो हात तिच्या तोंडासमोर आला. तिने अंगठा धरला आणि तो गुरासारखा ओरडेपर्यंत सोडला नाही. तो पळाला तेव्हा निम्मी पानं त्याच्या मुठीत होती. ती तिने शनिवारी पुन्हा लिहून काढली, एका डोळ्याने. दुसरा उघडत नव्हता.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सभागृह भरलं. लेख ऐकायला कमी, अंगठा बघायला जास्त. सॅन्टन पट्टी बांधून शेवटच्या रांगेत बसला होता. आग्नेसने सुजलेल्या तोंडाने वाचायला सुरुवात केली. कळशी आली तशा सगळ्या माना मागे वळल्या, सॅन्टनच्या दातांकडे. कोणीतरी खुदकन हसलं.

तेवढं त्याला सोसलं नाही. तो उठून ओरडला, "खोटं! साफ खोटं! हिच्यात कुठलं बळ? हिला मीच लोळवली होती! खांदा मी मोडला, या हातानं मोडला! शेवाळ-बिवाळ काय नव्हतं! विचारा हिला!"

आठ वर्षं माना डोलावणारे आता पायांकडे बघत होते. आपण काय बोललो ते सॅन्टनला सगळ्यांत शेवटी कळलं.

आग्नेसने चष्मा काढला, सुजलेल्या डोळ्यावरून पदर फिरवला आणि म्हणाली, "सॅन्टन, हे तेव्हाच बोलला असतास, तर मला लिहायला शिकावं लागलं नसतं."