यानातला नळ

शनिवारी दुपारी चार वाजले की मी टीव्हीपुढं जाऊन बसायची. जर्मनीत ब्योब्लिंगेनला मुलाकडं राहायला आले तेव्हा मला जर्मन येत नव्हतं. चौथीतल्या नातीला मराठी कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. आमचं दोघींचं जमलं ते त्या मालिकेवर. एक यान, त्यात वीस-पंचवीस माणसं, आणि घरची वाट सापडत नाही. यान उडालं की नात माझा दंड आवळायची.

सून म्हणायची, "अहो आई, तुमच्या वयाच्या बायका भजनं ऐकतात."

"ऐकीन की. आधी हे कुठं उतरतात ते तर बघू दे."

एका शनिवारी यानातलं पाणी संपत आलं. माणशी एक पेला. मी सरकून पुढं बसले, आता हे माझ्या ओळखीचं होतं. तेवढ्यात तो कप्तान दाढीला उभा राहिला, आणि दाढी होईस्तोवर नळ चालूच.

"खोटं आहे," मी म्हटलं. "ह्यानं दुष्काळ बघितलेला नाही."

नात फणकाऱ्यानं काहीतरी बोलली. सून हसायला लागली. "ती म्हणतेय, यान उडतं ते आजीला चालतं, आणि नळ तेवढा चालत नाही?"

मग मी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची. टँकर आला तर घरटी दोन हंडे. "तुझ्या बाबाला बाजेवर बसवून अंघोळ घालायची, खाली घमेलं. घमेल्यातल्या पाण्यात कपडे पिळायचे. भांडी राखेनं कोरडीच घासायची. कपड्यांचं पाणी म्हशीला. पुढं म्हैस मेली, मग ते भोपळ्याच्या वेलाला."

मुलगा आतून आला. "आई, हे कशाला सांगतेस तिला?"

"मग कोण सांगणार, कप्तान?"

नात बाबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायला लागली.

त्याच महिन्यात शाळेतल्या बाईंनी मुलाला बोलावून सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही. असंच राहिलं तर गिम्नाझियमची, म्हणजे पाचवीपासूनच्या हुशार पोरांच्या शाळेची, शिफारस देता येणार नाही. आता एक रेफराट उरलाय, वर्गापुढं उभं राहून बोलायचं, त्यात काय ते बघू. मुलानं ग्रहांचा तक्ता काढून दिला. नातीनं तो गुंडाळून ठेवला आणि विषय घेतला, आमच्या मालिकेत खरं किती, खोटं किती. वर म्हणाली, आजीला घेऊन येणार.

मुलगा म्हणाला, "खोट्या गोष्टीवर काय बोलणार ती?" पण पोरीनं ऐकलं नाही.

मी नऊवारी नेसून वर्गात मागं बसले. नात फळ्यापाशी उभी राहिली. एक शब्द निघेना. पोरं खुसखुसायला लागली, बाई घड्याळाकडं बघायला लागल्या. मी काही सांगायचं तर कसं, मला जर्मन कुठं येतं?

वर्गात कोपऱ्यात हात धुवायचा नळ होता. मी उठले आणि तो सगळा सोडला. कप्तानासारखी हनुवटी वर करून दाढी केल्याचं सोंग केलं. पाणी धो धो चाललं होतं. हात आपोआप नळाकडं जात होता, पण मी तो मागं धरून उभी राहिले.

"आजी, बंद कर ना, पाणी जातंय," नात मराठीत ओरडली.

सगळा वर्ग तिच्याकडं वळला. एका पोरीनं काहीतरी विचारलं. नातीनं तिला जर्मनमध्ये सांगितलं. मी नळ बंद केला आणि ती बोलतच राहिली. बाज कशी असते ते हातानं दाखवलं, घमेलं दाखवलं. पोरं पुढं झुकून ऐकत होती.

बाईंनी मला काहीतरी विचारलं. नात माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "खोटं आहे तर तू बघते कशाला, असं विचारतात."

मी म्हटलं, "दिवसभर खडी फोडताना मी मनातल्या मनात कुठं कुठं फिरून यायची. म्हणून म्हणते, यान उडू दे हवं तिथं. पण तहान लागली की ती खरी दाखवा."

नातीनं ते सांगितलं. मी दोन-तीन वाक्यंच बोलले होते, तिचं चांगलं पाच मिनिटं चाललं. त्यात तिनं काय काय घातलं देव जाणे. मग एका मुलानं हात वर केला. त्याला उत्तर देताना तिनं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही.