सातव्या डब्याचं बूड

एका मंगळवारी दुपारी माझी बायको गेली. तेरावं होईपर्यंत आमच्या घरात स्वयंपाक झाला नाही. भूगावातल्या आमच्या इमारतीतून आणि आसपासच्या गावांतून लोकांनी जेवणाचे डबे आणले. पुढे मी ते घासून, रिकामा डबा परत करू नये म्हणून प्रत्येकात साखर घालून, ज्याचे त्याला पोचवले. निदान माझी तशी समजूत होती.

मग पावसाळ्यात एकदा विजेचा दाब वाढला आणि तिचा संगणक जळला. तिने काढलेले फोटो, टाइप करून ठेवलेल्या पाककृती, सगळं त्याच्यासोबत गेलं. यातलं काही परत मिळणार नाही, असं दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं. त्या संगणकावरची एकच गोष्ट परत येऊ शकत होती, ती म्हणजे तिचं क्रिप्टोचं वॉलेट, आभासी चलनाचं पाकीट.

ती पिरंगुटच्या एका कारखान्यात हिशेब पाहायची आणि शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, हौसेने थोडं थोडं क्रिप्टो घ्यायची. मला त्यात गम्य नव्हतं, पण ती सांगायची ते मी पुस्तक मिटून ऐकायचो.

"वॉलेटमध्ये नाणी नसतात रे, किल्ली असते. संगणक मेला तरी वॉलेट काढताना मिळालेले बारा शब्द हाताशी असले की दुसऱ्या संगणकावर ते जसंच्या तसं उभं राहतं."

"आणि शब्द हरवले तर?"

"तर बस तुझी पुस्तकं वाचत."

कागदावर तिचा विश्वास नव्हता. आमच्या कपाटातल्या पुस्तकांना दर पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणून तिने भांड्यांवर नावं घालायचं छोटं यंत्र आणलं, आणि लग्नात मिळालेल्या, एकात एक बसणाऱ्या बारा स्टीलच्या डब्यांच्या बुडावर एकेक इंग्रजी शब्द स्वतःच्या हाताने कोरला. मोठ्यापासून लहानापर्यंत, हाच त्यांचा क्रम. "डबे ओळीने लावणं तुला जमतं," ती म्हणाली होती, "तेवढंच पुरे."

नवा संगणक आला त्या रविवारी सकाळी मी अंघोळ करून, परीक्षेला बसावं तसा बसलो. जाहिरातींवर टिचकी मारायची नाही, वॉलेटच्या संकेतस्थळाचा पत्ता हाताने टाइप करायचा, हे तिने बजावलेलं होतं. मी अक्षर न् अक्षर तपासून तो टाइप केला. फाइल उतरली. हा प्रोग्राम बसवू का, असं संगणकाने विचारलं आणि मी मोठ्याने "हो" म्हणालो. मग त्याने विचारलं, नवं वॉलेट काढायचं की आधीचं परत मिळवायचं? हा प्रश्न मी दोनदा वाचला. आधीचं. आधीचंच.

बारा रिकामे चौकोन समोर आले. मी डाळी, पोहे, रवा वर्तमानपत्रांवर ओतले आणि डबे पालथे घातले. बुडावर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं तिचं अक्षर होतं. तिचा 'आर' नेहमीसारखा पुढे झुकलेला होता. पहिला शब्द टाइप करताना एक गंमत कळली. चार अक्षरं पडली की तो शब्द प्रोग्राम स्वतःच पूर्ण करून सुचवतो. मी भराभर निघालो. दुसरा, तिसरा, सहावा. सातवा डबा उचलला तर त्याच्या बुडावर लिहिलेलं, 'मामाकडून सप्रेम भेट'.

मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसलो. उरलेले पाच शब्द घातले, पण मधला चौकोन मोकळा होता आणि पुढे जायचं बटण करडंच राहिलं. तिचा सातवा डबा मीच साखर घालून कुणाला तरी देऊन बसलो होतो.

मामा कोणाचा, हे आठवायला वेळ लागला नाही. भरे गावाहून भाजी विकायला येणाऱ्या मावशीने, लग्नातली सगळी भांडी आपल्या मामाने दिली, हे माझ्या बायकोला भाजी तोलताना कितीदा ऐकवलं होतं. बायको गेली त्या दिवसांत मावशीनेही पिठलं-भाकरी आणली होती. मी मामाच्या डब्यात शेंगदाणे भरले आणि स्कूटर काढली.

मावशी दारातच भेटली.

"अवो दादा, डब्यापायी येवढं पळत आलाव? मला ठावं व्हतं तुमचा डबा आलाय. पर रिकामा कसा देऊ? नवा तांदूळ निगाला की भरून आननार व्हते."

"मावशी, डबा राहू दे. मला फक्त त्याचं बूड बघायचंय."

"बूड?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येळंला जेवताय न्हवं?"

मामाचा डबा आत ठेवून ती आमचा घेऊन आली. ती त्यात चुलीवर पाणी तापवायची. बूड काळंकुट्ट झालं होतं. माझा चेहरा तिने पाहिला असावा.

"काळं झालं म्हून काय झालं? राख हाय की."

मोरीवर बसून तिने राख आणि नारळाची शेंडी घेतली. मी शेजारी उकिडवा बसलो. एक ठिपका दिसला, मग एक रेघ.

"मावशी, हळू!"

"स्टील हाय, दादा. रडत न्हाई ते."

पहिलं अक्षर आलं. दुसरं. तिसरं पुढे झुकलेलं होतं, तिचा 'आर'. चौथं आलं आणि मी टाळी वाजवली. पुढची अक्षरं झिजून गेली होती. मला चारच हवी होती.

"कुनाचं नाव हाय?"

"नाव नाही. तिच्या हातचं आहे."

मावशीने घासणं थांबवलं. डबा धुतला, पदराने पुसला, आत जाऊन तांदळाने गच्च भरला आणि माझ्या हातात दिला. "गेल्या सालचा हाय. पर वास बगा."

घरी येऊन चपला न काढताच मी ती चार अक्षरं टाइप केली. शब्द सुचवला गेला. तो इथे लिहीत नाही, ती रागावेल. बटण निळं झालं. पडदा थोडा वेळ कोराच राहिला, मी टेबलाची कड धरून होतो, आणि मग ओळी उतरू लागल्या. तारखा, एकाखाली एक, तिचे सगळे शनिवार. मी उभा राहिलो, खोलीत फेऱ्या मारल्या, परत येऊन पाहिलं. होत्या. सर्वांत वरची तारीख तिला दवाखान्यात नेलं त्याच्या आधीच्या शनिवारची होती. त्या संध्याकाळी ती संगणकावरून उठून आली होती आणि म्हणाली होती, "आजचा चहा माझ्यातर्फे."

वॉलेट चालू आहे. त्यातलं मी काही हलवलेलं नाही. बारा डबे ओट्यावर मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेले आहेत, आणि सातव्यात मावशीचा तांदूळ आहे.