गाणं लई पळतंय

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला, की पिंपळवंडीच्या घरातली ती दुपार आठवते. "गाणं लई पळतंय," वडील म्हणाले. ओझरच्या भजनात जन्मभर पखवाज वाजवलेला माणूस. त्यांची लय कशी चुकेल? मी जुन्या रेकॉर्ड प्लेयरचा पट्टा बदलला, तेच शिलाई मशीनचं तेल घातलं, तबकडीला कागद चिकटवून घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला तेहतीस, हवेत तेवढेच! मी इंजिनियरच्या थाटात म्हणालो, "बघा, बरोबर फिरतंय." "न्हाई रे. तुमीबी समदी आताशा लई घाईनं बोलता." आईनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी गुपचूप स्क्रू पिळून वेग कमी केला. वडिलांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. परवा लेकीला म्हणालो, "जरा सावकाश बोल गं." ती म्हणाली, "पप्पा, सावकाशच बोलतेय."