ह्यांचे कान आणि शीळफाट्यावरची मारामारी

माझ्या नवऱ्याला मी रोज काहीतरी फेकून मारायचे.

कधी कांदा, कधी चप्पल. एकदा तर ओला बोंबील. हसू नका. कान गेलेल्या माणसाला पाठीमागून हाक कशी मारणार?

पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर आयुष्य गेलं ह्यांचं. कानही तिथेच गेले. डॉक्टरने कानाला मशीन दिलं, तर म्हणायचे, "अगं, ह्याच्यात माणसं कमी आणि भांडीच जास्त वाजतात!"

लग्नकार्यात सगळे हसले की हेपण हसायचे. जरा उशिरा. मला कळायचं, कशाला हसले ते ह्यांना ठाऊक नाही.

आज वर्ष झालं ह्यांना जाऊन. रडायचं नाही ठरवलंय. मारामारीची गोष्ट सांगते.

कोलशेतहून आम्ही डोंबिवलीला लेकीकडे निघालेलो. पिशवीत तीन किलोचा जिताडा, जावयाला हा मासा फार आवडतो. (जावई चांगलाय, पण काटे दुसऱ्याच्या ताटात टाकतो. असो.)

शीळफाट्याला रिक्षा बदलायची होती. रस्ता ओलांडताना हे पुढे, मी मागे. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय. ह्यांना काय ऐकू येणार!

तो उतरला आणि खाडकन ह्यांच्या कानाखाली दिली.

मशीन रस्त्यावर. नाकातून रक्त.

"बहिरा आहेस काय रे थेरड्या? घरी बसून मर की!"

मी जिताडाच काढला. शेपटीला धरून थोबाडावर हाणला.

एक.

दोन.

तिसऱ्याला ओठ फुटला त्याचा. काय बरं वाटलं म्हणून सांगू! चार माणसं मला धरत होती आणि मी लाथा झाडत होते.

तेवढ्यात हे मध्ये आले. ओठ बघून बोलणं कळायचं ह्यांना, पण त्या मेल्याच्या तोंडात गुटख्याचा तोबरा.

"काय म्हणतोय गं तो?"

आधीच ह्यांनी भजनाला जाणं सोडलेलं. खरं सांगितलं असतं तर परत उंबऱ्याबाहेर पडले नसते.

मी सावकाश ओठ हलवले. "माफी मागतोय. त्याच्या बाबांनापण ऐकू येत नाही म्हणे."

ह्यांनी रक्त पुसलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे रे पोरा. बाबांवर ओरडू नकोस."

 तो वाकून रस्त्यावर ह्यांचं मशीन शोधायला लागला.

पुढच्या रविवारी हे एकटे डोंबिवलीला जाऊन आले. त्याच शीळफाट्यावरून.

अहो, तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोलले. आज सांगून टाकलं.

रागावू नका. नमस्कार करते.