फोल्डरच्या नावातली मोकळी जागा

ताईच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की यानंतर बोलता येणार नाही. ताई गंगाखेडला शाळेत शिकवायची. मी बोरीच्या घरी बसून एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करतो. रेकॉर्डिंगवरून माणसाचा आवाज तयार करणारा, टाइप केलेलं त्या आवाजात बोलून दाखवणारा एक प्रोग्राम मला ठाऊक होता. नांदेडला दवाखान्यात जाण्याआधी ताई घरी आली. पंख्याखाली बसून तिनं पाचवीचं पुस्तक वाचलं, शेजारणींच्या नकला केल्या, शेवटी वंदना म्हटली.

"लय बोलले आज. घसा दुखायलाय," म्हणाली, आणि फोल्डरला स्वतःच नाव दिलं : ताईचा आवाज.

रेकॉर्डिंग बिघडलं असेल तर ती जायच्या आत पुन्हा करायचं होतं. प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे जणू बंद डब्यात चालायचा. बाहेरचं फोल्डर कुठं आहे, तो पाथ कमांडमध्ये लिहून द्यावा लागायचा. मी दिला. कमांड अडली. ऑफिसातल्या मित्राला फोन लावला.

"नावात मोकळी जागा आहे ना? तिथं पाथ तुटतो. अवतरणचिन्हांत टाक," म्हणत त्यानं फोनवरून तयार ओळच पाठवली. मी ती चिकटवली. पुन्हा तीच चूक.

"चिन्हं लावलीस का?"

"लावलीत. समोर दिसायलीत."

दारात गाडी आली. भाऊजींनी बॅग ठेवली. फोल्डरचं नाव बदलावं, एवढंही मला त्या घाईत सुचलं नाही.

"ऱ्हाऊ दे रे आता," ताई म्हणाली. मी उठून गाडीपर्यंतही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी ओळ हातानं टाइप केली आणि कमांड चालली. मित्राच्या फोननं सरळ चिन्हांची तिरपी, नक्षीदार चिन्हं करून टाकली होती. कॉम्प्युटरच्या लेखी ती अवतरणचिन्हंच नव्हती. तयार झालेला आवाज ऐकला. प्रत्येक वाक्यात पंख्याची घरघर, आणि तिच्यामागं कुणीतरी परकी बाई बोलत असल्यासारखं.

मी फोन केला. भाऊजींनी उचलला.

"ताईला द्या ना, दोन मिनिटं."

"आताच ऑपरेशनला आत नेलं तिला."

महिन्याभरानं तिच्या हट्टापायी तो आवाज तिला ऐकवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला. मग मोबाइलवर टाइप करून माझ्यासमोर धरलं : ‘शाळेत नको वाजवूस. पोरं भितील.’

मी मान हलवली.