वंदनाला पडलेलं नाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. वंदना महिन्यापूर्वी गेली. आजारपणानं गेली. ती असताना जे बोलायला हवं होतं, ते मी आता बोलतोय — याला काय म्हणायचं?

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. ती डिस्पॅच बघायची. माल निघण्याआधी प्रत्येक चलन दोनदा तपासायची, म्हणून गाडी खोळंबायची, म्हणून मॅनेजर ओरडायचा. ओरडायचा तो सगळ्यांवरच. पण वंदनासाठी खास नाव होतं — गोगलगाय. "ए गोगलगाय, सरकतेस का उचलून नेऊ?" हे रोजचं. मग नावामागून बाकीचं आलं. तिची अक्कल निघाली, माहेर निघालं, चालणं निघालं. लोक हसायचे. मी हसायचो नाही. मान खाली घालून काम करायचो.

एकदा डबा खाताना तिनं हळूच विचारलं, "काका, हे असं बोलणं बरोबर आहे का? की मलाच उगाच लागतंय?" मी वाचणारा माणूस, म्हणून मला विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "अगं, चेष्टा असते ती. मनावर घेऊ नकोस."

दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, घरची माणसं यायची. त्या वर्षी वंदनाचे मिस्टर आले होते. तिनं त्यांना कौतुकानं आपलं टेबल दाखवलं. आरती झाली, ती प्रसाद वाटायला पुढे झाली, आणि मॅनेजर म्हणाला, "गोगलगायीच्या हाती दिलाय, म्हणजे आता दिवाळीलाच मिळणार." सगळे हसले. तिचे मिस्टरही हसले — कुणाबद्दल चाललंय हे त्यांना कळलं नव्हतं. मग कळलं.

सुटीनंतर ती मालकांकडे गेली. त्यांनी मला बोलावलं. मी जुना माणूस, माझा शब्द चालला असता. असं काही ऐकलंत का, त्यांनी विचारलं. "माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो. वंदना तिथेच उभी होती. महिनाअखेरीला तिनं नोकरी सोडली.

नुसता भित्रेपणा असता, तर तो कबूल करणं एवढं जड गेलं नसतं. पण ते नाव माझं होतं. ती नवीन असताना, एका दुपारी ती अजून जेवायला आली नव्हती, तेव्हा मीच टेबलावर बोलून गेलो होतो — "गोगलगाय येतेय, सावकाश." मॅनेजर इतका हसला, की मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मालकांसमोर खरं बोललो असतो, तर नाव कुणी ठेवलं हेही निघालं असतं.

परवा कोपरला तिच्या घरी जाऊन आलो. मिस्टर म्हणाले, "ती नेहमी सांगायची — अख्ख्या ऑफिसात काकांनी एकट्यांनी मला कधी त्या नावानं हाक मारली नाही." खरंच होतं ते. मालकांपुढचं तिनं घरी सांगितलंच नव्हतं, की सांगून वर हे सांगितलं होतं? मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

निदान त्यांच्यापुढे तरी खरं बोलता आलं असतं ना? मी नुसती होकारार्थी मान हलवली. समोर आलेला चहा प्यायलो. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. मी चपला घातल्या.